समुद्रात दुष्काळ पडतो का?

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर जायचे, हा आमच्या मंडळाचा नेम आहे. पुण्याकडची बरीच मंडळी ताम्हिणी घाटाने जातात. आम्ही मात्र घाट सुरू असेल तर भोरवरून वरंधा घाटाने जातो. रस्ता वळणाचा आहे, वेळही जास्त लागतो. पण या वाटेवर शिवरे लागते, आणि शिवऱ्यात आमच्यातल्या एका कार्यकर्त्याची आत्या राहते. तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय आमची गाडी पुढे हलत नाही. यंदा त्या चहाच्या वेळी आजीने एक प्रश्न विचारला. तो प्रश्न आमच्याबरोबर महाडला आला, तिथून समुद्रापर्यंत आला आणि पुन्हा शिवऱ्यालाच येऊन थांबला. घरात सर्वांनी बसून वाचावे असे त्यात काही आहे असे वाटले, म्हणून हे लिहीत आहोत.

शिवरे हे भोर तालुक्यातले गाव. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रजचा बोगदा, वेळू, खेड शिवापूर मागे पडते आणि महामार्गाच्या कडेला शिवरे येते. रस्त्याने जाणाऱ्याला गाव दिसतच नाही. दिसतात ती हॉटेले, गोदामे, टायरची दुकाने आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक. गाव पाहायचे तर महामार्ग सोडून आत वळावे लागते. मग भाताची खाचरे दिसतात, मार्चमध्ये कोरडी आणि भेगाळलेली. सिंहगडाच्या दक्षिण अंगाचे पाणी घेऊन येणारी शिवगंगा दिसते. ही लहानशी नदी पुढे नसरापूरच्या बाजूला गुंजवणीला मिळते आणि गुंजवणी नीरेला. मार्चमध्ये तिला वाहते पाणी नसते, खडकांच्या खळग्यांतून ठिकठिकाणी साठून राहिलेले असते.

आत्या ऐंशीच्या पुढची आहे. आम्ही सगळे तिला आजीच म्हणतो. ओट्यावर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो, खाली चूल, आणि चुलीपाशी आजी. "जय भीम" झाला, चहा झाला. गाडीत बसायला निघालो तेव्हा तिने कनवटीची शंभराची नोट काढून पुतण्याच्या हातात दिली.

"म्हाडाकडं चाललाय न्हवं? येताना सुकट घिऊन या. आमच्या बाजारात चिमूटभर टाकत्यात आन् मूठभर पैसं घेत्यात. आमच्या येळंला सुकट म्हंजी गरिबाचं कालवण. आता गरिबानं नुसता वास घ्यायचा आन् भाकर मोडायची." मग जरा थांबून तिने विचारले, "समुद्रात काय दुष्काळ पडलाय का रं?"

आम्ही सगळे हसलो. समुद्रात आणि दुष्काळ! आमच्याबरोबर बी.एस्सी.ला शिकणारी एका कार्यकर्त्याची मुलगी होती, ती तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "आजी, तुम्ही विचारलंत ते खरंच आहे. पडतो दुष्काळ. चला, नदीवर दाखवते."

समुद्रातला दुष्काळ शिवऱ्याच्या नदीवर कसा दाखवणार, हे आम्हांला कळेना. पण मुले आधीच पळाली होती. एका खळग्यापाशी आमच्यातल्या एका मुलाचा पाय दगडावरून घसरला. पोरीला तेच हवे होते. "कशावरून घसरलास?" तिने विचारले. दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर होता. आपण त्याला शेवाळ म्हणून सोडून देतो. तिने तो नखाने खरवडला, काचेच्या पट्टीवर थेंबभर पाण्यात घेतला आणि पिशवीतून कागदाचा एक घडीचा सूक्ष्मदर्शक काढला. त्याला फोल्डस्कोप म्हणतात. मनु प्रकाश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत तो तयार केला. गरिबाच्या मुलालाही परवडावा म्हणून कागदाचा केला, आणि तरी त्यातून वस्तू १४० पट मोठी दिसते. एकेकाने उजेडाकडे डोळा लावून पाहिले. त्या बुळबुळीत थरात होडीच्या आकाराच्या, सोनेरी तपकिरी रंगाच्या असंख्य डब्या होत्या. काही हळूहळू सरकत होत्या.

यांना इंग्रजीत डायाटम म्हणतात. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे सुरेख नाव आहे, कारण प्रत्येकीचे कवच करंड्यासारखे असते, खाली डबी आणि वर बसणारे झाकण. हे कवच काचेचे असते असे म्हटले तरी चालेल. काच ज्या सिलिकेपासून करतात, त्याच सिलिकेचे ते असते. आत एकच पेशी. मूळ नाही, खोड नाही, पान नाही. तरी झाडाचे पान करते तेच काम ती करते. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःचे अन्न बनवते आणि प्राणवायू सोडते. नदीत अशा वनस्पती दगडाला धरून राहतात. समुद्रात त्यांचे भाऊबंद पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतात. जे पाण्याबरोबर तरंगते ते प्लवक, आणि त्यातले जे वनस्पतीसारखे जगते ते वनस्पती प्लवक.

हे किती लहान असावेत? करंडक वनस्पती त्यांच्यातल्या मोठ्या म्हणायच्या. प्रोक्लोरोकॉकस नावाचा एक प्लवक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान आहे. १९८० च्या दशकापर्यंत तो शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हता, आणि उष्ण समुद्राच्या एक लिटर पाण्यात तो दहा कोटीपर्यंत असू शकतो. एवढ्या लहान जिवांचे काम मात्र असे, की पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणाने जेवढे नवे अन्न तयार होते, त्यातले जवळजवळ निम्मे समुद्रातले हे प्लवक करतात. उरलेले निम्मे जमिनीवरची सगळी जंगले, कुरणे आणि शेते मिळून करतात. प्लवकांचे एकूण वजन मात्र जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही नाही. मग हिशेब जुळतो कसा? तो जुळतो वेगाने. समुद्रातला सगळा प्लवक साधारण आठवडाभरात बदलतो. जन्मतो, वाढतो, खाल्ला जातो, पुन्हा जन्मतो. आपल्या साप्ताहिकाचा पुढचा अंक हाती येईल तोवर समुद्राचे हे सारे हिरवे रान नवे झालेले असेल.

इथे एक खुलासा करायला हवा. मोबाईलवर एक वाक्य फिरते, की आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो. ऐकायला बरे वाटते. पण ऐकले, छापले, मोठ्याने सांगितले म्हणून मानू नये, तपासून घ्यावे, ही कालामांना दिलेली शिकवण आपण विसरता कामा नये. प्लवक प्राणवायू सोडतात हे खरे. परंतु त्यातला बहुतेक समुद्रातले जीव आणि कुजणारी द्रव्ये तिथेच वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, आणि तो साठवायला सुरुवातही पाण्यातल्या अशाच सूक्ष्म जिवांनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी केली. म्हणजे उद्या प्लवक कमी झाले तर परवा आपला श्वास कोंडेल असे नाही. परवा काय होईल ते आजीच्या ताटात पाहावे. समुद्रातली जवळजवळ सगळी खाणावळ या प्लवकांवर चालते. प्लवकाला खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे जवळा आणि लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे. खालची ओळ रोडावली की वरची पंगत उपाशी उठते.

"पण शिवऱ्याचा आणि समुद्राचा संबंध काय?" आजीच्या शेजारच्या एका बाईंनी विचारले. त्यावर मुलीने त्यांनाच उलट विचारले, "भात लावताना, काढताना हाताला काय होतं?" बाई म्हणाल्या, "पातं कापतं की!" भाताचे पाते कापते, तूस खरबरीत लागतो, त्याचे कारण त्यात भरलेली सिलिका. ती येते कुठून? आपल्या काळ्या कातळातून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून हा कातळ झाला, आणि त्याचा जवळपास निम्मा भाग सिलिका आहे. पाऊस पडतो, पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळतो, ते किंचित आंबट पाणी कातळ झिजवते, आणि सिलिका विरघळून ओढ्यात उतरते. काही भात घेतो, काही नदीतल्या करंडक वनस्पती घेतात, उरलेली पुढे जाते.

आणि पुढे म्हणजे किती पुढे! शिवऱ्यापासून सरळ पश्चिमेला गेले तर अरबी समुद्र फार लांब नाही. पण शिवऱ्याचे पाणी तिकडे जात नाही. शिवगंगा गुंजवणीला, गुंजवणी नीरेला, नीरा वीर धरणावरून नरसिंगपूरला भीमेला, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला, आणि कृष्णा अख्खे दख्खन ओलांडून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. या वाटेवर नागार्जुनकोंडा आहे. तिथल्या स्तूपांचे आणि विहारांचे अवशेष धरणात बुडण्याआधी उंचावर हलवले, आज ते जलाशयातल्या बेटावर आहेत. पुढे अमरावतीचा महास्तूप आहे. त्याखाली कृष्णेच्या मुखाकडच्या सपाटीवर भट्टिप्रोलू आहे, जिथे १८९२ साली स्तूपाच्या उत्खननात स्फटिकाचा अस्थिकरंडक सापडला. स्फटिक म्हणजेही सिलिकाच. शिवऱ्याच्या कातळाची झीज बुद्धधम्माच्या या जुन्या प्रदेशातून वाहत जाऊन समुद्रात मिळते आणि तिथल्या एकपेशीय वनस्पतीचा करंडा बनते, हे ऐकून आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी नकळत हात जोडले.

अर्थात सगळे पोचत नाही. वाटेत धरणे आहेत. धरणाच्या निवांत पाण्यात करंडक वनस्पती वाढतात, मरतात, आणि त्यांच्याबरोबर सिलिका गाळात बसते. धरणे नकोत असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती, आणि दामोदर खोऱ्यासारख्या योजनांचा पाया तेव्हाच घातला गेला. नदीचे खोरे तुकडे न पाडता एकच घटक धरून त्याचा विचार करायचा, ही त्या धोरणाची दिशा होती. आज त्याच दिशेने एक पाऊल पुढे टाकून खोऱ्याच्या हिशेबात समुद्रही धरायला हवा, एवढेच आमचे म्हणणे.

शिवरे सोडले. कापूरहोळवरून भोर, पुढे देवघरच्या जलाशयाच्या कडेने वरंधा घाट. घाटमाथ्यावर आम्ही नेहमी उतरतो. इथे पावसाचे थेंब वेगळे होतात. एक पूर्वेला पडला तर नीरेचा, बंगालच्या उपसागराचा. एक पश्चिमेला पडला तर सावित्रीचा, अरबी समुद्राचा. पण दोन्ही थेंब आणणारा वारा एकच, नैर्ऋत्येचा. हा वारा समुद्रावरून येताना आणखी एक मोठे काम करून येतो, ते आम्हांला यंदा कळले.

समुद्रात प्लवकांना उजेड लागतो, म्हणून ते वरच्या थरात राहतात. त्यांना लागणारी खते, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, ही मात्र मेलेल्या जिवांबरोबर खाली खोल अंधारात जाऊन बसतात. वरणात मीठ घातले आणि पळी फिरवली नाही तर वरचे वरण अळणी लागते, तसे हे आहे. पावसाळी वारा ही समुद्राची पळी. तो सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत, आणि काही प्रमाणात आपल्याही पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात, खालचे थंड, कसदार पाणी वर काढतो. मग समुद्र हिरवा होतो, प्लवक माजतात, त्यांच्यावर तारली पोसली जाते, बांगडा पोसला जातो. ज्या वाऱ्याने शिवऱ्याच्या खाचरात पाणी भरते, त्याच वाऱ्याने समुद्राचे शेत नांगरले जाते. आजीचा भात आणि आजीची सुकट एकाच वाऱ्याची.

दुष्काळ इथेच पडतो. पुण्याला पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशाने वाढले. २०१६ साली त्यांचा दुसरा अभ्यास आला. उपग्रहांच्या नोंदी आणि संगणकी प्रतिमानांवरून त्यांनी सांगितले, की या भागातले वनस्पती प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले आहेत. त्याआधी इथे प्लवक वाढत आहेत असा समज होता. कारण सोपे आहे. उन्हात ठेवलेल्या हंड्यातले पाणी वर गरम आणि तळाशी गार राहते, ते आपोआप मिसळत नाही. समुद्र वरून तापला की गरम, हलक्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो. पळी फिरते, पण तळापर्यंत पोचत नाही. खत खाली पडून राहते, आणि उजेडातले प्लवक उपाशी राहतात.

हे सगळे बोलत बोलत आम्ही महाडला पोचलो. चवदार तळ्याभोवती नेहमीप्रमाणे गर्दी होती. निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने, लांबलांबून आलेल्या आयाबाया. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून आम्ही पाण्याकडे पाहत उभे राहिलो. पाण्याला हिरवट झाक होती. १९२७ साली इथे काय झाले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी होते, ठराव होता, तरी आपल्या माणसांना तहान होती. मध्ये माणसांनी घातलेले झाकण होते. ते २० मार्चला बाबासाहेबांनी उचलले. मग सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळे शुद्ध केले. आमची मुलगी म्हणाली, "काका, त्याने फार तर शेवाळाला थोडं खत मिळालं असेल." त्या गर्दीतही आम्हांला हसू आले. पण आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडले. पाणी नसले म्हणजेच दुष्काळ पडतो असे नाही. असते, पण पोचू दिले जात नाही, तेव्हाही पडतो. समुद्रावरचे झाकण तापलेल्या पाण्याचे आहे, आणि तेही माणसानेच बसवलेले आहे.

दुसऱ्या दिवशी आंबडव्याला, बाबासाहेबांच्या मूळ गावी जाऊन आम्ही बाणकोटच्या खाडीवर उतरलो. सावित्री इथे समुद्राला मिळते. वाळत घातलेल्या मासळीजवळ बसलेल्या मावशीकडून आजीची सुकट घेतली. तिलाही आजीचाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, मासळी पूर्वीसारखी नाही, पण त्याला एक कारण नाही. मोठ्या यांत्रिक बोटी बारीक जाळ्यांनी पिल्लेही ओढून नेतात. डिझेल महाग. लहान मासळी भुकटीच्या कारखान्यात जाते, ती कोंबड्यांना आणि कोळंबीला खाऊ घालतात. तिचे म्हणणे बरोबर आहे. सुकटीच्या भावाचे सगळे खापर समुद्राच्या उष्णतेवर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण ज्या खात्यात जमा आधीच घटत चालली आहे, त्यातून कोणी दोन्ही हातांनी उचलू लागला तर ते खाते बुडायला वेळ लागत नाही. एवढे कारकुनीत आयुष्य गेलेल्या माणसाला कळते.

किनाऱ्यावर आम्हांला माता रमाईंच्या वडिलांची आठवण झाली. वणंदचे भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोचवीत. पुढे बाबासाहेब आणि रमाईंचे लग्नही भायखळ्याच्या बाजारात लागले. ज्या मासळीने इतरांची घरे चालत, तिचे ओझे आपल्या माणसांच्या डोक्यावर होते. समुद्रातही तसेच आहे. सगळ्यांत खालचा, सगळ्यांत लहान, कोणाला न दिसणारा जीव सगळ्या समुद्राचे ओझे वाहतो.

पण इथे आपण सावध राहिले पाहिजे. खालचा सगळ्यांना पोसतो, किती थोर त्याची सेवा, असे गोडवे गाऊन त्याला तिथेच ठेवायचे, ही युक्ती आपल्याशी शतकानुशतके खेळली गेली आहे. प्लवकांचे कौतुक करून प्लवक वाचणार नाहीत. ज्यामुळे ते उपाशी राहतात ते बदलावे लागेल.

शास्त्रज्ञांनी जवळची वाट शोधून पाहिली आहे. २००९ साली गोव्याच्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने मिळून दक्षिण महासागरात लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला. ३०० चौरस किलोमीटर समुद्रात लोहाचे द्रावण सोडले. प्लवक लोहाने वाढावेत, त्यांनी हवेतला कार्बन घ्यावा आणि मरून तो खोल न्यावा, अशी कल्पना होती. प्लवक वाढले, पण दुसऱ्या बारीक जिवांनी त्यांना लगेच खाऊन टाकले. कार्बन खोल गेला तो फारच थोडा. जाड कवचामुळे सहज खाल्ल्या न जाणाऱ्या करंडक वनस्पती तिथे वाढू शकल्या नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिका उरली नव्हती. म्हणजे शेवटी गोष्ट दगडाच्या झिजेवरच आली! एक टोपली खत ओतून समुद्र सुधारत नाही.

खत जास्त झाले तरी घातच होतो. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि तिथून उजनीत जाते. उजनीचे पाणी हिरवे का होते, ते सोलापूरकडच्या वाचकांना विचारावे. अरबी समुद्रातही २००० सालानंतर हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाचा हिरवा जीव माजू लागला आहे. रात्री लाटा निळ्या चमकतात त्या त्याच्यामुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर ते पाहायला लोक जमले होते. दिसते सुंदर, पण तो करंडक वनस्पतींनाच खातो आणि फार थोड्या माशांच्या उपयोगी पडतो. हेल्गा गोम्स, जोकिम गोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की पाण्यातला प्राणवायू कमी होण्याशी त्याचा संबंध आहे. कमीही नको, अतिही नको. मध्यम मार्ग समुद्रालाही लागतो.

परतताना संध्याकाळी शिवऱ्याला थांबलो. आजीच्या घरी तिचा नातू आला होता. तो महामार्गावरच्या एका गोदामाचा ट्रक चालवतो. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, धुरानं समुद्र तापतो म्हणता. पण त्या धुरावर आमची चूल पेटते. गाड्या बंद केल्या तर आम्ही काय खायचं?"

याला टाळून पुढे जाता येत नाही. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे खरे. या धुराने पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो, हेही खरे. पण हेही तितकेच खरे, की आपल्या देशात माणशी पडणारा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यातही ट्रक चालवणाऱ्याचा वाटा वेगळा आणि ज्याचा माल त्या ट्रकमध्ये आहे त्याचा वेगळा. धूर काढण्यात ज्यांचा हात सगळ्यांत लहान, त्यांच्याच ताटातली सुकट आधी जाते. म्हणून त्या पोराला आम्ही सांगितले, की नोकरी सोडू नकोस. पण विजेवर चालणाऱ्या गाड्या येतील तेव्हा त्या चालवायला आणि दुरुस्त करायला शीक, आणि बदलाचा खर्च तुझ्या डोक्यावर टाकला जाणार नाही यासाठी संघटनेत ये. शिवगंगेत टाकला जाणारा कचरा आणि सोडले जाणारे घाण पाणी यांचा प्रश्न ग्रामसभेत विचार. तेवढे तर आपल्या हातात आहे.

"बोलीन मी," तो म्हणाला. "पण एकटा नाही. तुम्ही पण या." आम्ही येतो म्हणालो. शब्द दिला आहे, इथे छापून तो पक्का करीत आहोत.

वस्तीतल्या मुलांना तो कागदी सूक्ष्मदर्शक तिथेच ठेवून आलो. पहिल्या पावसानंतर नदीच्या दगडावरचा थर पाहायचा, वहीत चित्र काढायचे, तारीख लिहायची, आणि दर महिन्याला पुन्हा पाहायचे, असे ठरले आहे. वही विहारात राहील. वाचकांपैकी ज्यांच्या गावाला नदी, ओढा, निदान तळे आहे, त्यांनीही मुलांकडून असे करून घ्यावे.

आजीने सुकटीची पुडी उघडली, वास घेतला आणि हातावर तोलून पाहिली. शंभर रुपयांची सुकट तिच्या एका ओंजळीत मावली. "उत्तर मिळालं का माज्या प्रश्नाचं?" तिने विचारले.

"मिळालं, आजी. पडतो दुष्काळ. पाणी असून पडतो."

"मग त्यात नवं काय," आजी म्हणाली. "आपल्याला ठावं हाय ते." आणि तिने तव्यावर सुकट टाकली, आम्हां सगळ्यांना पुरेल इतकी.

जय भीम! नमो बुद्धाय!